हस्तक्षेप, आक्रमण की कुमक?

शाईदौत: अफगाणिस्तानवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत संघाने लष्करी हस्तक्षेप केला' हे माझं वाक्य संपादकांनी खोडून 'आक्रमण' केलं. शेजाऱ्याच्या यादवीत महासत्ता सैन्य का घालते, हाच लेखाचा विषय आहे. आक्रमण म्हटलं की निकाल आधीच लागतो. काय ठेवू?

बोरू: आक्रमणच. हस्तक्षेप न्यायालय करतं. इथे २७ डिसेंबरला काबूलच्या ताजबेग महालात घुसून अफगाण सत्ताधीश हाफिझुल्ला अमीनला ठार केलं आणि बबराक कारमालला गादीवर बसवलं. आणि 'लष्करी' कशाला? 'सैनिकी' लिहा.

तिरफळ: लष्कर काढायचं तर फौज, शिपाई, तोफ सगळंच काढा. काय उरेल?

बोरू: फारसी शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोश शिवाजी महाराजांनीच करवून घेतला होता.

तिरफळ: तरी लोक लष्करच म्हणत राहिले ना! मूळ मुद्दा वेगळा आहे. मार्च १९७९मध्ये हेरातला उठाव झाला, तेव्हाचे अफगाण अध्यक्ष तराकींनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनकडे फोनवर सैन्य मागितलं. ताजिक, उझबेक सैनिकांना अफगाण गणवेश घालून पाठवा, कुणी ओळखणार नाही, असंही सुचवलं. मॉस्कोने तेव्हा नाही म्हटलं. पुढे अमीनने तराकींचा काटा काढला. हा उद्या अमेरिकेकडे झुकेल, आमूदर्या या सीमेवरच्या नदीपलीकडचं सरकार हातचं जाईल, ही धास्ती मॉस्कोला बसली, म्हणून सैन्य गेलं. सैन्य तर अमीननेही मागितलं होतं! ज्याने बोलावलं त्यालाच मारलं. याला आक्रमण हा शब्द अपुरा आहे, हस्तक्षेप तर फारच सौम्य.

गोदाकाठ: अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत मदतीला 'कोमक' म्हणतात. आपली 'कुमक' तीच, मूळ तुर्की. मागणाऱ्यांनी कुमकच मागितली होती. आमची आजी लग्नघरात पोळ्या लाटायला चार बायका जास्त आल्या की 'कुमक आली' म्हणायची.

बोरू: कुमक आणि कुवत एकच असणार. कमकुवत म्हणजे ज्याला कुमक नाही तो.

गोदाकाठ: नाही हो. कुवत अरबी 'कुव्वत'वरून आली. दोन्हींचा संबंध नाही.

शाईदौत: जानेवारी १९८०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध १८ मतांनी ठराव झाला. त्यात 'सशस्त्र हस्तक्षेप' आहे, सोव्हिएत संघाचं नाव मात्र नाही. म्हणून मी हस्तक्षेपावर अडून आहे.

बोरू: ठरावाची भाषा मतं जुळवण्यासाठी असते. आपण मराठी वाचकासाठी लिहितो. ज्यांची गावं बॉम्बखाली गेली त्यांना विचारा कोणता शब्द ते.

तिरफळ: हे पटलं. पण मग 'यादवी'ही तपासा. खल्क आणि परचम हे तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचेच दोन गट, त्यांच्या भांडणाला यादवी शोभते. खेड्यापाड्यांतल्या उठावाला नाही.

गोदाकाठ: का नाही? यादवी म्हणजे आपसातली कत्तल. पक्ष एकच हवा असं कुठे आहे? आमच्याकडे भाऊबंदकीलाही यादवी म्हणतात.

तिरफळ: भाऊबंदकी जमिनीच्या वाटणीची असते. तिला यादवी म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. तुमच्याकडे म्हणजे नेमकं कुठे?