मदत हवी आहे: परदेशातल्या लांब मुक्कामासाठी लॅपटॉप

कामासाठी सलग काही महिने परदेशात, तेही देश बदलत राहायचं आहे. वापर लिखाण, स्प्रेडशीट, व्हिडिओ कॉल, गेमिंग नाही. वजन दीड किलोच्या आत, रॅम १६ जीबी आणि चार्जिंग यूएसबी-सीवर हवं, म्हणजे फोनलाही तोच चार्जर चालेल. बॅटरी १०० वॉट-अवरच्या आतच हवी, नाहीतर विमान कंपनीची परवानगी लागते.

थिंकपॅड टी१४ आणि मॅकबुक एअर हाताळून पाहिले. थिंकपॅडचा कीबोर्ड फार आवडला, शिवाय एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) काढून बदलता येते. एअरमध्ये ती मुख्य सर्किट बोर्डावरच पक्की बसवलेली असते. बोर्ड गेला तर डेटाही अडकेल, ही खरी धास्ती. (बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घेतोच.)

वॉरंटीच्या अटी वाचल्या, पण अनुभव हवा आहे. एका देशात घेतलेला यांपैकी कुठला लॅपटॉप दुसऱ्या देशात वॉरंटीत दुरुस्त करून घेतला आहे का कुणी? किती दिवस लागले, आणि मूळ बिल मागितलं का?