लाइव्ह मायग्रेशन फसल्यावर डिस्कचा डर्टी बिटमॅप कसा वाचवावा?

प्रश्न

नमस्कार. केव्हीएमवरील (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशन सुविधा) आमच्या एका व्हर्च्युअल मशीनची डिस्क २ टीबीची असून ती क्यूकाउ२ या डिस्क-फाइलच्या (इमेजच्या) स्वरूपात आहे. रोजचा इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेल्या भागाचा) पर्सिस्टंट डर्टी बिटमॅपच्या, म्हणजे कोणते ब्लॉक्स बदलले याच्या फाइलमध्ये टिकणाऱ्या नोंदीच्या, आधारे होतो. हे मशीन चालू ठेवूनच दुसऱ्या सर्व्हरवर हलवत होतो (लाइव्ह मायग्रेशन). दोन्ही सर्व्हरांचे स्टोरेज वेगळे असल्यामुळे मायग्रेशनच्या वेळी डिस्कची नक्कलही नेटवर्कवरूनच जात होती आणि ती निम्म्यावर असताना नेटवर्क तुटले. मशीन मूळ सर्व्हरवर चालू होते, पण ते अडकले आहे असे समजून मी क्यूईएमयूची (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस 'किल -९' देऊन जबरदस्तीने बंद केली. आता बिटमॅप 'इनकन्सिस्टंट' (विसंगत) दिसतो. फाइलमधील 'इन-यूज' (वापरात आहे) ही खूण हाताने पुसून तो पुन्हा वापरता येईल का?

पहिले उत्तर

कृपया तसे करू नका. मशीन चालू असताना बिटमॅपची खरी प्रत मेमरीत असते. क्यूईएमयू ती फाइलमध्ये लिहितो तो इमेज रीतसर बंद होताना किंवा निष्क्रिय होताना. तुमच्या फाइलमध्ये उरलेली प्रत इमेज उघडली तेव्हाची आहे, म्हणून त्यानंतर बदललेल्या ब्लॉक्सची नोंद तिच्यात नाही. खूण पुसली तर बॅकअप एकही एरर न दाखवता पूर्ण होईल आणि रिस्टोअर करण्याची वेळ येईल तेव्हा डेटा तुटलेला निघेल. बिटमॅप नसल्याने वेळ जातो. अपुरा बिटमॅप मात्र डेटाच घालवतो, आणि म्हणूनच ती खूण ठेवलेली आहे.

मायग्रेशन फसल्यामुळे तुमचा बिटमॅप गेला नाही, हेही लक्षात घ्या. मशीन पलीकडे सुरू होण्याआधी काम थांबले, तर मूळ बाजूचा बिटमॅप मेमरीत शाबूत असतो आणि नोंद करतच राहतो. प्रोसेस 'सिगटर्म'ने (रीतसर बंद होण्याच्या संकेताने) किंवा 'क्विट' आज्ञेने बंद केली असती, तर तो फाइलमध्ये उतरला असता. मशीन बंद करायला लिबव्हर्ट या व्यवस्थापन सॉफ्टवेअरची 'व्हर्श डिस्ट्रॉय' आज्ञा वापरायचीच असेल, तर सोबत 'ग्रेसफुल' पर्याय द्यावा, कारण एरवी काही सेकंद वाट पाहून लिबव्हर्ट शेवटी 'सिगकिल'च (म्हणजे 'किल -९') पाठवतो.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक टप्पा वेगळा आहे. मायग्रेशनसोबत बिटमॅपही पाठवणारी 'डर्टी-बिटमॅप्स' ही सुविधा (क्यूईएमयू २.१२ पासून) पोस्टकॉपी पद्धतीची आहे, म्हणजे बिटमॅपचा मजकूर मशीन पलीकडे सुरू झाल्यानंतरही जात राहू शकतो. त्या अवधीत दुवा तुटला तर मशीन नव्या सर्व्हरवर चालू राहते, बिटमॅप मात्र अर्धवट राहतो. मूळ सर्व्हरवरील प्रतही तेव्हा कामाची नसते, कारण नवे बदल दुसरीकडे होत असतात. ६४ केबीच्या ग्रॅन्युलॅरिटीने (दर ६४ केबीला एक बिट) २ टीबी डिस्कचा बिटमॅप जेमतेम ४ एमबीचा होतो, त्यामुळे धोक्याचा काळ छोटा असतो. पण तो असतो.

सामायिक स्टोरेजवर ही सुविधा न वापरता मायग्रेशन केल्यास मूळ बाजू इमेज निष्क्रिय करताना बिटमॅप फाइलमध्ये लिहिते. त्यानंतर काम फसले आणि मूळ मशीन 'कॉन्ट' आज्ञेने पुन्हा चालवले, तर बिटमॅप फाइलमधून परत वाचला जायला हवा. म्हणून पुढचा बॅकअप सुरू करण्याआधी डिस्कची स्थिती सांगणाऱ्या 'क्वेरी-ब्लॉक' आज्ञेच्या उत्तरात तो आहे का, 'रेकॉर्डिंग' (बदलांची नोंद) चालू आहे का आणि 'बिझी' (दुसऱ्या कामात गुंतलेला) ही स्थिती सुटली आहे का, हे मी प्रत्येक वेळी पाहतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. इमेजची माहिती देणाऱ्या 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो'मध्ये 'इन-यूज' खूण दिसली, म्हणून बिटमॅप काढून टाकला आणि लिबव्हर्टच्या नोंदीतील जुना चेकपॉइंटही (त्या बिटमॅपशी जोडलेली बॅकअपच्या टप्प्याची नोंद) काढला. नवा बिटमॅप आणि पूर्ण बॅकअप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकाच क्षणी लागू होणाऱ्या आज्ञांच्या गटात) सुरू केले आहेत, म्हणजे दोहोंच्या मध्ये झालेला एखादा बदल नोंदीतून निसटणार नाही.