अनुभव धागा: आठ वर्षांनी आलेला 'ऑरेंज रोड'चा सिक्वेल तुम्हाला पचला का?

साडेनव्याण्णव (धागाकर्ती)

'किमागुरे ऑरेंज रोड' ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका जीव लावून पाहिलेली मराठी माणसं फार नसतील. पण जी भेटतात त्यांच्यात एका विषयावर हमखास जुंपते, म्हणून म्हटलं धागाच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इझुमी मात्सुमोतो यांची मांगा (जपानी चित्रकथा) १९८४ ते १९८७ 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली. त्यावर ४८ भागांची मालिका १९८७-८८ मध्ये झाली. क्योस्के कासुगा नव्या गावात येतो, उंच जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतो, वरून उडत आलेली लाल टोपी झेलतो आणि टोपीवाल्या मादोकाशी पायऱ्या ९९ की १०० यावर वाद घालतो. त्याच्याकडे अतींद्रिय शक्ती असतात, पण दोन मुलींपैकी एकीला 'नाही' म्हणायची शक्ती तेवढी नसते. दुसरी मुलगी म्हणजे हिकारु, मादोकाची बालमैत्रीण, त्याला भर रस्त्यात 'डार्लिंग' म्हणत गळ्यात पडणारी. मालिका संपते तेव्हा क्योस्केचं मन कुठे आहे ते आपल्याला कळलेलं असतं, पण हिकारुला कोणी सांगत नाही.

ते काम १९८८ च्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या चित्रपटाने केलं. मग १९९६ मध्ये, कोणी मागितला नसताना, दुसरा आला: 'शिन किमागुरे ऑरेंज रोड'. माझा प्रश्न या दुसऱ्याबद्दल आहे. त्याने गोष्टीत भर घातली की पहिल्याने मोजलेली किंमत परत करून टाकली? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, ते आधीच सांगते. पण मला मतं नकोत, अनुभव हवेत. केव्हा पाहिलात, कोणाबरोबर, आणि नंतर मूळ मालिका तुमच्यासाठी बदलली का? (स्पॉयलर भरपूर असणार. तक्रार चालणार नाही.)

पेठेतली_पोर

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी जपानी शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेईंकडे, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंकडे, पहिल्या चित्रपटाची व्हीएचएस होती, बिनसबटायटलची. "भाषा कळली नाही तरी बसा, ऐका," म्हणाल्या. आम्ही मालिकेचे थोडे भाग पाहून गेलेलो, तेव्हा क्योस्केचा बोका जिंगोरो, त्याच्या जुळ्या बहिणी, टेलिपोर्टेशन असलं काहीतरी येईल या हिशोबाने चिवडा घेऊन बसलो. तसली धमाल काही म्हणजे काहीच आली नाही. सबंध चित्रपटात क्योस्के एकदाही शक्ती वापरत नाही. प्रवेश परीक्षेची तयारी, उन्हाळा, फोन. दिग्दर्शक तोमोमी मोचिझुकी यांनी सत्तरेक मिनिटांत सगळी गंमत काढून घेतली आणि फक्त परिणाम ठेवले.

क्योस्के हिकारुला स्पष्ट सांगतो, तरी ती परत येते. आधी हसून, मग विनवण्या करून, मग रडून. आणि तो तोंड फिरवतो. दुष्ट आहे म्हणून नव्हे, दुसरा इलाजच नाही म्हणून. आमच्यातल्या एकीने चिवड्याचा डबा बंद केला तो नंतर उघडलाच नाही. घरी जाताना बसमध्ये कोणीही मादोकाबद्दल बोललं नाही, सगळी चर्चा हिकारुची.

दुसरा चित्रपट मी बऱ्याच वर्षांनी एकटीने पाहिला. त्यात हिकारु अमेरिकेहून नर्तकी होऊन परतते, आणि शेवटी तिघांमधली गाठ सुटते. छान आहे हो. पण मला राग आला. त्या दिवशी आम्ही ज्यासाठी गप्प झालो होतो ते "चालायचंच, सगळं ठीक झालं" म्हणून कोणीतरी पुसून टाकलं असं वाटलं.

हडसनकाठी

मी उलट बाजूचा, तेव्हा सांभाळून घ्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एम.एस. करताना विद्यापीठाच्या ॲनिमे क्लबात दर शुक्रवारी कॅसेटी लागत. मालिका तिथेच पाहिली. पहिल्या चित्रपटाला निम्मा हॉल चिडला होता, "आमची ऑरेंज रोड ही नव्हे" म्हणून. आज जो चित्रपट सगळे डोक्यावर घेतात त्याच्याबद्दलही लोक हेच बोलत होते, एवढं लक्षात असू द्या.

दुसरा पाहिला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, आणि माझं एक जुनं प्रकरण जेमतेम संपलेलं. कथा अशी: १९ वर्षांच्या क्योस्केला गाडीची धडक बसते आणि तो तीन वर्षं पुढच्या काळात जाऊन पडतो. तिथला २२ वर्षांचा क्योस्के छायाचित्रकार आहे आणि बोस्नियाच्या युद्धात बेपत्ता झालाय. लोक या बोस्नियाला हसतात. मी नाही हसलो. त्याच्या थोडंच आधीपर्यंत रोज रात्रीच्या बातम्यांत बोस्नियाची राजधानी सारायेवो दिसायची, आणि ॲनिमेतला एक लाडका पोरगा त्याच बातम्यांत हरवलाय, हे मला थेट भिडलं.

आणि हिकारुबद्दल. आपल्याला ती कायम त्या उन्हाळ्यात रडत उभी असलेली हवी असते, कारण त्याने आपल्या करुणेची सोय होते. पण ज्याला नकार मिळतो तो माणूस तिथेच थांबत नाही. त्याला नोकरी लागते, तो शहर बदलतो, आणि एक दिवस समोर येऊन नीट बोलू शकतो. मला नकार देणारीला मी नंतर भेटलो तेव्हा आम्ही दोसा खाल्ला आणि व्हिसाबद्दल बोललो. त्यामुळे आधीचं दुःख खोटं होतं असं कोणी म्हटलेलं मला खपणार नाही.

कानसेन

संगीतावर कोणीच कसं बोलत नाही? मालिकेला आणि पहिल्या चित्रपटाला शिरो सागिसु, म्हणजे पुढे 'इव्हँगेलियन' या गाजलेल्या ॲनिमेला संगीत देणारे. दुसऱ्याला युकी काजिउरा, तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या. काजिउरा मला एरवी प्राणप्रिय आहेत. पण मादोकाच्या सॅक्सोफोनभोवती सागिसुंनी जे वातावरण उभं केलं होतं ते गेलं की अर्धी मादोका जाते. माझ्यापुरता निकाल लागला.

शेवटून_सुरुवात

मी १९९६ चाच आधी पाहिला. मित्राने फाइल चुकीच्या नावाने दिली होती. स्वतंत्र चित्रपट म्हणून एकदम आवडला: काळप्रवास, दुरावलेल्या मैत्रिणी, हरवलेला प्रियकर. मग मालिका सुरू केली आणि पहिल्या भागात क्योस्के सिगारेट ओढणाऱ्या मादोकाला बाळंतपणावरून उपदेश करतो आणि थोबाडीत खातो. हाच तो युद्ध छायाचित्रकार? माझी मालिका पंधरा भागांपुढे गेली नाही. म्हणजे सिक्वेलने माझं नुकसानच केलं म्हणायचं, पण तुमच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं.

तुलूझकर

फ्रान्समध्ये ही मालिका नव्वदच्या सुमारास 'मॅक्स ए कोंपानी' नावाने टीव्हीवर लागली होती. क्योस्केचा मॅक्सिम, मादोकाची साब्रिना, हिकारुची पामेला. माझ्या ऑफिसातली पन्नाशीकडे झुकलेली मंडळी आजही साब्रिनाचं नाव काढलं की कॉफी गार होऊ देतात. त्यांच्यापैकी कित्येकांना सिक्वेल आहे हेच माहीत नव्हतं. मी एकाला दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ही कोण बाई आहे?" चेहरेच त्याला ओळखू येईनात. अकेमी ताकादा यांनी मालिकेसाठी काढलेले ते मोठे, किंचित रुसलेले डोळे दुसऱ्या चित्रपटात नाहीत. रेखाटनं वेगळ्या हातची आहेत आणि ते पहिल्या मिनिटाला जाणवतं.

मी स्वतः मधला. कथेला माझी हरकत नाही. पण आठ वर्षांनी परत बोलवायचं तर माणसं तरी तीच पाठवा ना राव.

साडेनव्याण्णव

@हडसनकाठी, दोशाचा मुद्दा मान्य. पण तुम्ही दोसा खाल्लात तो तुमच्या हिमतीवर. हिकारुची सुटका लेखकाने घडवून आणलीय, तीसुद्धा काळप्रवासाच्या धक्क्याने. ज्या शक्ती पहिल्या चित्रपटाने मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या त्याच परत आणून जखम शिवली, याचा मला त्रास होतो. तीन वर्षांनी हिकारु नुसती एका कॅफेत भेटली असती, जादूबिदू काही नाही, तर मी हा धागा काढलाच नसता.

वऱ्हाडी_गडी

मले तं तुमचं भांडणच कळत नाही. पहिला चित्रपट शेवटचा शब्द होता कुठं? त्याच्यानंतरही १९८९ ते १९९१ मध्ये आठ ओव्हीए (थेट व्हिडिओवर आलेले भाग) काढले, अन् त्याच्यात तिघंही पहिल्यासारखेच हसत-खेळत हिंडतेत. म्हणजे बनवणाऱ्याईनंच त्या रडण्याले वळसा घातला होता. त्या मानानं १९९६ वाल्यानं निदान "हो, ते झालं होतं" असं कबूल केलं. दिग्दर्शक कुनिहिको युयामा, आपले पोकेमॉनवाले. त्याईच्याकडून एवढी अपेक्षा मी तरी केली नव्हती.

'मेझोन इक्कोकु' ही दुसरी ॲनिमे मालिका पाहा म्हणतो. त्याचा समारोपाचा चित्रपट १९८८ चाच, लग्नाच्या आदल्या दिवसाचा. काही बिघडवत नाही, काही जोडत नाही. तसा सिक्वेल पाहिजे का मग तुमाले?

पेठेतली_पोर

@वऱ्हाडी_गडी भाऊ, ओव्हीएंचा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझा राग जात नाही.

एक सांगायचं राहिलं. २०१७ मध्ये मादोकाचा आवाज असलेल्या हिरोमी त्सुरु गेल्या, २०२० मध्ये मात्सुमोतो गेले. ती बातमी वाचून मी काहीतरी लावायला बसले आणि हाताला १९९६ चाच लागला. तोरु फुरुया (क्योस्के), त्सुरु, एरिको हारा (हिकारु), तिघांचे आवाज त्यात तेच आहेत, फक्त जरा मोठे झालेले. गोष्ट मला अजूनही पटत नाही. पण मोठी झालेली मादोका त्यांच्या आवाजात ऐकायची असेल तर यापलीकडे आहे तरी काय? म्हणून पूर्ण पाहिला. @कानसेन, तुम्ही या वेळी डोळे मिटून नुसते आवाज ऐकून बघा, आणि इथे येऊन लिहा.