डोमेस्टिक इन्क्वायरी आणि डिप्रेशन: तारखेच्या दिवशी डोकं थाऱ्यावर कसं ठेवायचं?

चकाला_पूर्व
नमस्कार. अंधेरीतल्या एका खाजगी कंपनीत माझी डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीची अंतर्गत शिस्तभंगाची चौकशी, चालू आहे. आरोप दोन: २३ दिवस विनापरवानगी गैरहजेरी आणि कामात निष्काळजीपणा. नैराश्यावर औषध चालू आहे, एसिटालोप्रॅम १०. बारा दिवसांनी सकाळी ११ वाजता माझी उलटतपासणी आहे. प्रश्न ऐकल्यावर डोकं रिकामं होतं, रडू फुटतं. त्या दिवसापुरती एखादी गोळी घ्यावी का? आजार चौकशीत सांगावा की नाही? वकील नेता येतो का? माहितगारांनी कृपया सांगावं.

तिसरं_बाकडं
रडू फुटण्याची धास्ती आधी बाजूला ठेवा. रडू आलं तर दोन मिनिटं पाणी प्यायचं, काम पुढे चालू होतं. नैराश्यात घात होतो तो दुसरीकडे. स्वतःला दोषी धरणं हे आजाराचंच लक्षण, आणि समोरून जरा आवाज चढला की तोंडातून निघून जातं, "हो, चूक माझीच." कागदावर ते लक्षण म्हणून उतरत नाही, कबुली म्हणून उतरतं. आरोप कबूल झाला की तो सिद्ध करायचं व्यवस्थापनाचं ओझं तिथेच उतरलं.

त्यामुळे आज आरोपपत्र काढा आणि वहीत प्रत्येक आरोपासाठी दोन रकाने आखा. एकात काय घडलं, दुसऱ्यात मला काय वाटतं. चौकशीत पहिलाच रकाना बोलायचा. "तुम्ही बेजबाबदार वागलात, बरोबर?" याचं उत्तर "हो" नको आणि "नाही"ही नको. "त्या तारखेला मी कामावर आले नाही. सकाळी सुपरवायझरना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं." पूर्णविराम. पुढची शांतता भरून काढायला जाऊ नका. समोरचा माणूस गप्प बसतो तो बऱ्याचदा मुद्दामच.

"नाही", "माहीत नाही" आणि "आठवत नाही" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. नैराश्यात तारखा, क्रम, नेमके शब्द चटकन आठवत नाहीत. तसं असेल तर "आठवत नाही, कागद दाखवा" म्हणा. घाबरून "नाही" म्हणालात आणि पुढच्या पानावर तुमचाच ईमेल निघाला, की खोटं बोलल्याचा शिक्का बसतो.

जोडप्रश्नाला एका शब्दात उत्तर नको. "न सांगता गेलात आणि फोनही उचलला नाहीत, हो की नाही?" यावर "हे दोन प्रश्न आहेत, एकेक विचारा" हे चौकशी अधिकाऱ्याकडे बघून म्हणायचं, प्रश्न विचारणाऱ्याकडे नाही. नजर तिकडे वळवली की निम्मा ताण तसाच उतरतो.

घरी सराव करा. कुणालाही १५ प्रश्न लिहून द्या, त्यातले पाच खोचक. रोज वीस मिनिटं, आणि तीही खुर्चीवर टेबलासमोर बसून. पलंगावर केलेला सराव तिथे उपयोगी पडत नाही.

पुडी_आणि_पाणी
गोळीचं सांगतो. शेजारच्या काकूंची अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम त्या सकाळी घेऊ नका. घबराट कमी होते, पण सोबत झापड येते, विचार मंदावतो आणि आत्ताच ऐकलेलं नीट मुरत नाही. उलटतपासणीत नेमकं तेच लागतं. छातीतली धडधड आणि हाताची थरथर यासाठी काही डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर ती चालत नाही, आणि दिलीच तर आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघायची. पहिला डोस तारखेच्या दिवशी, असं कधीच नको.

चालू गोळीला हात लावू नका. एसिटालोप्रॅमचा डोस वाढवला तर फरक दिसायला आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता मात्र वाढू शकते. बारा दिवसांत त्यातून हाती काही लागत नाही. उलट धावपळीत दोन-तीन दिवस गोळी चुकली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. काही बदल हवाच असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा.

बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात जड जाते आणि दुपारनंतर जरा मोकळं वाटतं. तुमचं तसं असेल तर ११ ऐवजी दुपारी २ ची वेळ मागा. लेखी मागा. सकाळची मेट्रो वनमधली रेटारेटीही त्याने टळते. (घाटकोपरला गाडी बदलून घामाघूम पोचणाऱ्याला शांत राहायला सांगणं म्हणजे चेष्टाच.)

श्वास: नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, पाच मिनिटं, आजपासून रोज दोनदा. फायदा बाहेर सोडायच्या लांब श्वासाने होतो. लोक इथेच चुकतात, भसाभस मोठे श्वास घेतात आणि मग बोटांना मुंग्या येऊन जास्तच घाबरतात. चौकशीत प्रश्न संपला की एकदा श्वास पूर्ण सोडायचा, मग बोलायचं. कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाशीपोटी दोन कटिंग मारून जाऊ नका, पोहे-उपमा काहीतरी पोटात असू द्या.

कलमकसाई
वकील: साधारणपणे डोमेस्टिक इन्क्वायरीत वकील आणू देत नाहीत. सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी बचाव प्रतिनिधी म्हणून मागता येतो. मात्र कंपनीने स्वतःच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस बसवला असेल तर तुम्हीही वकिलाची परवानगी लेखी मागा. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट विरुद्ध दिलीपकुमार नाडकर्णी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा उचलून धरला होता. पदनाम काहीही असो, तुमचं काम कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसतं का ते आधी तपासून घ्या. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

आजार सांगावा का? तुमच्या बाबतीत हो, कारण गैरहजेरी हाच आरोप आहे. पण तोंडी, रडत, उलटतपासणीच्या मध्येच नको. आधी अर्ज, सोबत मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र. त्यात उपचार कधीपासून, गैरहजेरीच्या काळात प्रकृती कशी होती आणि आता चौकशीसाठी काय लागेल एवढंच असावं: दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती, पाणी, प्रश्न गरज पडल्यास लेखी. सगळी केस फाइल देऊ नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो.

रवींदर कुमार धारिवाल विरुद्ध भारत सरकार हा डिसेंबर २०२१ चा निकाल वाचून जा. मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीवरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, आणि वर्तनाचं एकमेव कारण आजारच होता असं सिद्ध करावं लागत नाही, असं त्यात म्हटलं आहे. फार हुरळू नका मात्र. ते प्रकरण सीआरपीएफमधल्या अधिकाऱ्याचं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाती असलेलं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांबद्दल बोलतं. खाजगी कंपनीत समानतेचं कलम ३ आणि कलम २१ खालचं समान संधी धोरण हा धागा पकडावा लागतो.

चकाला_पूर्व
खूप आभार. डॉक्टर म्हणतात सरळ 'अनफिट' लिहून देतो. घेऊ का? आणि एचआरवाले बाहेर गाठून म्हणतात, राजीनामा द्या, मिटवून टाकू.

कलमकसाई
खरंच उभं राहवत नसेल तर घ्या, पण किती दिवस ते त्यात हवं. अर्ज तारखेच्या आधी द्या, पोच घ्या. न कळवता गैरहजर राहिलात तर चौकशी एकतर्फी चालते. आणि मोघम 'अनफिट'चा कागद उद्या 'कामालाच अपात्र' म्हणून तुमच्याच अंगावर येऊ शकतो. 'विश्रांती दिल्यास हजर राहू शकतात' हा कागद बहुधा जास्त कामाचा.

राजीनाम्यावर त्या दिवशी सही नाही. "एकदाचं संपवा" असं वाटणं हाही आजारच. ठरलेलं वाक्य पाठ करा: "लेखी द्या, प्रतिनिधीला दाखवून कळवते."

तिसरं_बाकडं
चौकशी मराठीत नोंदवायची मागणी अजून केली नसेल तर अर्जातच घाला. इंग्रजीत उत्तर जुळवताना अर्धी शक्ती तिथेच जाते. शेवटी प्रोसिडिंगचं, म्हणजे चौकशीच्या लेखी नोंदीचं, प्रत्येक पान वाचून सही. थकवा सगळ्यात जास्त तेव्हाच असतो आणि चुकीचं वाक्य तेव्हाच सुटतं. चुकीचं दिसलं तर सहीच्या वर हाताने लिहा, "उत्तर क्र. अमुक मी असं दिलेलं नाही." प्रत त्याच दिवशी मागा. नाही म्हणाले तर तसंही तिथेच लिहा.

पुडी_आणि_पाणी
आदल्या रात्री किंवा तारीख संपल्यावर मन फार काळवंडलं, जगणं नकोसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच टाका, नंतर मागायची ताकद नसते.