कळा सुरू झाल्यावर घेतलेली ती एक गोळी, आणि नंतर औषधच लागू न पडणं

जिन्यातली आई:
मला एचआयव्ही आहे. माझा मुलगा २००९चा. कळा सुरू झाल्यावर, बाळाला लागण होऊ नये म्हणून, सिस्टरनी मला नेव्हिरॅपिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली, जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचे थेंब पाजले. रोजची औषधं तेव्हा मला सुरू नव्हती, सीडी-४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, बरा होता. मुलगा निगेटिव्ह निघाला. अठराव्या महिन्यातला तो रिपोर्ट हातात आला तेव्हा पायांतलं बळच गेलं, मी दवाखान्याच्या जिन्यातच बसले.

पण त्याआधीच, बाळ चार महिन्यांचं असताना माझा सीडी-४ घसरला आणि रोजच्या गोळ्या लागल्या. त्यातही नेव्हिरॅपिनच होतं. गजर लावून घेत होते, एकही वेळ चुकवली नाही. तरी वर्षभरात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वाढला. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "गोळ्या खात नाहीस तू." ते वाक्य अजून कानात आहे.

नंतर औषधं बदलली. आता डोल्युटेग्रॅव्हिर चालू आहे, लोड सापडत नाही इतका कमी आहे. पुढच्या महिन्यात मला औषधांचं केंद्र बदलायचंय. नव्या डॉक्टरांना २००९ची ती गोळी सांगायची का? आणि ती घेतली हेच माझं चुकलं का?

प्रसूतिकक्षातली सिस्टर:
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही चुकलं. मी स्वतः कितीतरी जणींना ती गोळी दिली आहे. १९९९ साली युगांडातल्या कंपालाच्या अभ्यासात आईला एक गोळी आणि बाळाला एक डोस एवढ्यावर, साडेतीन महिन्यांच्या सुमारास लागण झालेली बाळं १३ टक्के होती. झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधाचा छोटा कोर्स दिलेल्या गटात २५ टक्के. जिथे दुसरं काहीच पोचत नव्हतं तिथे या गोळीने फार लेकरं वाचवली.

अडचण तिच्या गुणातच होती. नेव्हिरॅपिन रक्तातून फार हळू उतरतं, दोन-तीन आठवडे थोडंथोडं राहतं. त्या काळात विषाणूसमोर ते एकटंच असतं. विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो, आणि एकच बदल झाला, बहुतेकदा के१०३एन, की नेव्हिरॅपिन त्याच्यावर चालत नाही. तसे विषाणू मग वाढतात. एफाव्हिरेन्झही त्याच जातीचं, म्हणून तेही निकामी होतं. पुढे काळ गेला की हे विषाणू रक्तात कमी दिसतात, पण पेशींमध्ये दडून राहू शकतात.

तुमच्या बाबतीत चार महिने हाच मुद्दा आहे. बोट्स्वानातल्या २००७च्या अभ्यासात, ती गोळी घेऊन सहा महिन्यांच्या आत नेव्हिरॅपिनवाले उपचार सुरू केलेल्यांपैकी ४१.७ टक्के बायकांमध्ये उपचार फसले. गोळी न घेतलेल्यांत एकीतही नाही. सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांत हा फरक जवळजवळ उरला नाही. तुमच्या रक्ताची प्रतिरोधाची, म्हणजे विषाणूवर कोणतं औषध चालत नाही याची, तपासणी झाली नसेल तर मी शंभर टक्के सांगू शकत नाही, पण गोळ्या न खाण्याचा आरोप करण्याआधी हे विचारायला हवं होतं.

दोघींची माय:
माझंही असंच झालं होतं, पण दुसऱ्या बाळंतपणात सिस्टरनी मला नेव्हिरॅपिनसोबत झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिन दिलं आणि प्रसूतीनंतर सात दिवस घ्यायला लावलं. तेव्हा कंटाळा यायचा, कशासाठी ते कळत नव्हतं.

प्रसूतिकक्षातली सिस्टर:
ती 'शेपटी'. नेव्हिरॅपिन उतरेपर्यंत ते एकटं पडू नये म्हणून. त्याने प्रतिरोध बराच कमी व्हायचा. आता तर गरोदरपणातच तीन औषधं सुरू करून आयुष्यभर चालू ठेवतात, त्यामुळे हा पेचच येत नाही.

ताई, नव्या डॉक्टरांना सगळं सांगा. डोल्युटेग्रॅव्हिर वेगळ्या जातीचं, के१०३एनचा त्यावर परिणाम होत नाही. पण सोबतची औषधं कोणती, पूर्वी कधी काय फसलं, हे माहीत नसेल तर पुढे बदल करताना तेच चुकीचं औषध परत हातात येईल. तोपर्यंत गोळ्यांत खंड पडू देऊ नका.

जिन्यातली आई:
आज कपाट उपसलं. २००९चं डिस्चार्ज कार्ड सापडलं, पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. 'नेव्हिरॅपिन दिले' असं लिहिलेलं वाचता येतं. झेरॉक्स काढून नव्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.