मॉरोविंड, ऑब्लिव्हियन की स्कायरिम: गोष्ट आणि भटकंती कुठे जुळते?

प्रश्न
एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेतला स्कायरिम (२०११) खेळून झाला. फिरायला मजा येते, पण मुख्य कथा पकडत नाही. आता त्याच मालिकेतला मॉरोविंड (२००२) घ्यावा की ऑब्लिव्हियन (२००६)? मॉरोविंडमध्ये तलवार समोरच्याला लागतच नाही म्हणतात, ते खरं का?

उत्तर १
मॉरोविंड, डोळे झाकून. तिथे क्वेस्टचा (दिलेल्या कामगिरीचा) ठिकाण दाखवणारा बाण नाही. वाट माणसं सांगतात आणि ती जर्नलमध्ये उतरते, त्यामुळे बोलणं नीट वाचावंच लागतं. गोष्ट अशी रस्त्यातूनच अंगात भिनते. मुख्य कथेत सुल-मटूल हा टोळीप्रमुख एक कोडं घालतो: गुहा कुठे आहे आणि तिची किल्ली म्हणजे एक तारा. ते वाऱ्याच्या खोऱ्याशी जुळवायचं आणि दारापाशी पहाटे किंवा संध्याकाळी ६ ते ८ मध्येच पोहोचायचं. दुपारी गेलात तर दार उघडत नाही, आणि बरेच जण गेममध्ये बग आहे समजून परततात.

शिवाय रेड माउंटन या ज्वालामुखीवर पूर्वी नेमकं काय घडलं, हे मंदिरवाले एक सांगतात, अॅशलँडर (भटक्या टोळ्या) दुसरं, कथेतला खलनायक डागोथ उर तिसरं. निवाडा गेम करत नाही.

तलवारीचं म्हणाल तर घाव लागणं फाशावर ठरतं: शस्त्राचं कौशल्य, अॅजिलिटी (चपळाई), लक (नशीब) आणि फटीगचा, म्हणजे दमाचा, हिरवा पट्टा. पात्र बनवताना मेजर (मुख्य) म्हणून निवडलेलं कौशल्य किमान ३० पासून सुरू होतं, मायनर (दुय्यम) १५, बाकीची ५. सुरुवातीला हाती येणारा खंजीर घेऊन लढताय आणि शॉर्ट ब्लेड (आखूड पात्यांचं कौशल्य) ५ वर आहे, तर घाव हवेतच जाणार. पळत जाऊन लढायला लागलात तर फटीग आधीच संपलेला असतो. एकच शस्त्र मेजरमध्ये घ्या आणि शत्रू दिसला की चालत जा.

उत्तर २
मुख्य कथेपुरतं वरचं मान्य. पण सुटी क्वेस्ट म्हणून ऑब्लिव्हियनला तोड नाही. स्किनग्राड शहरातल्या एका वाड्यात पाच पाहुण्यांसोबत कोंडून घेऊन एकेकाला संपवायचं, आणि उरलेले एकमेकांवर संशय घेत राहतात! असं लेखन स्कायरिममध्ये फार थोडं आहे.

भटकंती मात्र कमकुवत. सगळं तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतं, म्हणून वरच्या लेव्हलला रस्त्यावरचा साधा लुटारूही काचेच्या (गेममधल्या भारी) चिलखतात उभा. मग अनोळखी गुहेत शिरण्यात ना धोका, ना घबाड. बक्षिसाची ताकदही ते हाती येताना असलेल्या लेव्हलवर गोठते, तेव्हा आवडीची तलवार घाईने घेऊ नका. मुख्य कथेतली क्वाच शहराची लढाई उलट लवकर उरका. उशीर केलात तर समोर मोठे डेड्रा (राक्षसी जीव) येतात.

उत्तर ३
मॉरोविंड ओपनएमडब्ल्यूवर, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या नव्या इंजिनवर, खेळा (मूळ गेमच्या फाइल लागतातच). पण दूरचं दृश्य कमाल करू नका. गेम जिथे घडतो ते व्हार्डनफेल तसं लहान बेट आहे. धुकं आणि मंद चाल यांमुळेच ते अफाट वाटतं. धुकं काढलंत तर बालमोरा गावातून थेट ज्वालामुखी दिसेल आणि सगळी जादू गेली.

चाल फारच संथ वाटली तर कॅल्डेरा गावाजवळ भेटणाऱ्या पेमेनी या बाईकडचे बूट मिळवा. वेग २०० ने वाढतो, पण आंधळेपण १००. घालण्याआधी १ सेकंदाचा रेझिस्ट मॅजिका (जादू रोखणारा मंत्र) १०० टक्के मारा, म्हणजे आंधळेपण लागत नाही. ब्रेटन वंशाच्या पात्राला जन्मजात ५० टक्के असतो, त्याला उरलेले ५० पुरतात. पहिले काही तास मात्र हे टाळा. सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी नेणारे महाकाय किडे), होड्या आणि मेजेस गिल्ड (गावोगावी जादूने पोहोचवणारा जादूगारांचा संघ) यांची जोडणी पाठ होणं हीच तिथली खरी भटकंती.

आणि स्कायरिममध्ये मार्कर (क्वेस्टचा बाण) बंद करून असाच अनुभव मिळेल असं वाटत असेल, तर तसं होत नाही. बाण दिसणार हे धरूनच संवाद लिहिलेत. बहुतेक जण "अमुक गुहेत जा" म्हणतात, ती कुठे हे सांगत नाहीत. स्कायरिमची गोष्ट गुहेच्या आत आहे: सांगाड्याच्या हातातली डायरी, अर्धवट खणलेली भिंत. तिथे क्वेस्ट न घेता, नुसतं दिसेल त्या धुराच्या दिशेने जावं.