वर्गातलं वाचन आणि घरच्या गप्पा: तुमचे अनुभव

खडूफळा:
पालकसभेत परत तोच सूर, "काय वाचलंस विचारलं की 'काही नाही' म्हणतात." म्हणून धागा. तो प्रश्नच बाद करा. घरी जाणाऱ्या चिठ्ठीत पुस्तक-पान, आतापर्यंतची गोष्ट दोन ओळींत आणि एकच प्रश्न. "ससा कुठे लपला?" नको, एका शब्दात संपतं. "सशाने खरं सांगितलं असतं तर?" चालेल. चिठ्ठी वहीत चिकटवा, सुटी दिली तर दप्तराच्या तळाशी लगदा होतो.

शाईचा डाग:
आणि विचारून गप्प बसा!! अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजलं होतं, शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की मुलं मोठी उत्तरं देतात. घरी तर तेवढंही नाही.

अधलीमधली:
पालकांना वाचता येत नसेल तर?

खडूफळा:
चित्राचं पान उघडून मूलच सांगतं. पालकाकडे दोनच वाक्यं हवीत, "मग?" आणि "कशावरून?" सभेत तोंडी म्हणून घ्या. पुस्तक इंग्रजी असलं तरी गप्पा घरच्या भाषेत, गोष्ट कळली की नाही ते तिथेच दिसतं.

पेन्सिलटोक:
मोठ्याने वाचताना अडलं तर ४-५ सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका, मूल तो परत म्हणेल, पुढे चला. शिक्षण-संशोधक कीथ टॉपिंग यांच्या जोडीवाचनात (मूल आणि मोठं माणूस मिळून वाचतात ती पद्धत) हेच आहे. प्रत्येक शब्द फोडायला लावला की वाक्य हातातून जातं. पानात ५ च्या वर शब्द अडले तर पुस्तक जड, तेवढं पालकांनी वाचावं.

रिकामा बाक:
आठवीच्यांना "कशावरून" विचारून बघा, दार आपटून आत जातात :)

शाईचा डाग:
@रिकामा बाक, समोर बसवलं की चौकशी वाटते. कपड्यांच्या घड्या घालता घालता बोला. आधी आपलं मत ठोका, जरा चुकीचंच. खोडायला हमखास येतात.

अधलीमधली:
पालकांच्या सहीचा रकाना ठेवावा का? (कुकर लावलाय, थोडक्यात सांगा)

खडूफळा:
नको, महिन्याच्या सह्या एका बैठकीत होतात. मुलाने पालकाचं एक वाक्य लिहून आणावं, दुसऱ्या दिवशीचा तास त्यावरून सुरू. वर्गात कोणी विचारतच नसेल तर घरी आठवड्यात बंद पडतं.

रिकामा बाक:
पन्नास वाक्यं कोण वाचणार?

खडूफळा:
रोज पाच-सहाच. पाळी लावा.